बाबांनी बदललेलं तेल

...आणि आठवडाभर डोळ्याला डोळा नाही हो, आणि लोकांना वाटायचं, गाडीतून तेल गळतंय म्हणून. गळू दे की. गाड्या गळतात, नळ गळतात, लहान मुलांची नाकं तर गळण्यासाठीच असतात, मी काय त्या सगळ्यांसाठी जागत बसते का? म्हणजे नाकासाठी बसते, पण ते वेगळं. तुम्हाला सांगते, माझी झोप उडाली ती गळतीने नाही, तर ते तेल बदललं कुणी होतं, त्याने. बाबांनी. माझ्या बाबांनी, स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या अंगणात. ज्या माणसाने उभ्या जन्मात गाडीच्या पोटाला परक्याचा हात लागू दिला नाही, त्या माणसाने बदललेलं तेल माझ्या पार्किंगमध्ये ठिबकतंय, आणि हे त्यांना सांगणार कोण, तर मी. मी, जिला कामवाल्या बाईंना ‘फरशी जरा नीट पुसा’ एवढं म्हणता येत नाही, त्या गेल्या की मी ती गुपचूप पुन्हा पुसते, ती मी सख्ख्या बापाला सांगणार की बाबा, तुमचा बोल्ट सैल राहिला?

सुरुवात कशी झाली सांगते. रविवारी आम्ही बाबांकडून तेल बदलून आलो आणि सोमवारी सकाळी मी मुंगीला शाळेत सोडायला निघाले. मुंगी म्हणजे आमची मुलगी. चांगलं ठेवलेलं नाव आहे तिला, पण कुठल्याही फटीत शिरते म्हणून घरात मुंगी. गाडी मागे घेतली आणि ही काचेला नाक लावून शांतपणे म्हणते, “आई, गाडीने शू केली.” मी उतरले. जमिनीवर डाग. बटणापेक्षा मोठा, बशीपेक्षा लहान, काळा, चकचकीत. बोट लावलं, तर बोटावर मधासारखा रंग. आता काळं तेल असतं तर मी म्हटलं असतं, शेजारच्या गाडीचं असेल, जुनं असेल, कुणाचंही असेल. पण मधाच्या रंगाचं म्हणजे नवं, नवं म्हणजे कालचं, आणि कालचं म्हणजे बाबांचं. तिथेच माझं धाबं दणाणलं. शाळेला उशीर होतोय, मागून कुणीतरी हॉर्न वाजवतंय, आणि मी आपली बोटाचा वास घेत उभी.

नवऱ्याला फोन केला. माझा नवरा फार शांत माणूस, इतका शांत की कधीकधी त्याची नाडी बघावीशी वाटते. म्हणाला, “केवढं तेल आहे?” मी म्हटलं, “थेंब.” म्हणाला, “थेंबच तर आहे.” आणि ठेवला फोन. थेंबच तर आहे. अहो, पण थेंब कुठून आला हे नको का बघायला? आपल्या अंगातून असा थेंब पडला तर आपण म्हणू का, थेंबच तर आहे?

बरं, मी शिकलेली बाई. शिकलेल्या माणसाला काळजी कमी वाटते असं कुणी सांगितलं देव जाणे, शिकलेल्या माणसाला फक्त काळजीचे संदर्भ सापडतात. मी दुपारभर वाचत बसले. तेल कमी झालं की इंजिन तापतं, तापलं की आतले भाग एकमेकांना धरून बसतात, धरून बसले की गाडी जिथे असेल तिथे उभी, आणि जिथे असेल तिथे म्हणजे कुठे, तर हमरस्त्याच्या मधोमध, मागून ट्रक, मागच्या सीटवर मुंगी. हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, ट्रकच्या रंगासकट. संध्याकाळी पंख्याचा रिकामा खोका फाडून गाडीखाली सरकवला आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हा मायलेकींचा नेम सुरू झाला. उठायचं, तोंड धुवायचं, खाली जायचं, गाडीसमोर उकिडवं बसायचं, खोक्यावरचा डाग बघायचा. मुंगी म्हणाली, ससा आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, सशाला पोट आलंय. तिसऱ्या दिवशी त्याचा हत्ती झाला. ती खूश, तिचे प्राणी वाढतायत, आणि मी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची ती पट्टी, बाहेर काढून, पुसून, परत घालून, परत काढून, उजेडाकडे धरून बघतेय, जसं काही तापच मोजतेय.

आणि इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी काय करावं? खोक्यावरच्या डागाभोवती खडूने वर्तुळ काढून ठेवलं. मी विचारलं, “हे काय?” तर म्हणे, “वर्तुळाबाहेर गेलं तर मी बोलणार. आत आहे तोवर थेंबच तर आहे, मॅडम.” म्हणजे यांच्याकडूनही तेच. सगळ्या जगाला थेंब दिसत होता, मला एकटीला बाबांचा हात दिसत होता.

हात म्हणजे काय ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल मी एवढी का गळाठले. ही गाडी बाबांचीच. मागच्या वर्षी त्यांनी ती स्वतःच्या घराच्या फाटकाला घासली. मोठं काही नाही, रंग गेला थोडा. कुणी काही बोललं नाही. आई बोलली असेल, पण आईचं ते रोजचंच. बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “आता तू चालव. मला संध्याकाळचं नीट दिसत नाही.” एवढंच. जणू वर्तमानपत्र वाचायला देतायत. मी आपली वेड्यासारखी म्हणतेय, “अहो बाबा, राहू द्या, डॉक्टरांना दाखवू, चष्मा बदलू.” तर म्हणाले, “चालव. पण एक सांगतो, तेल मी बदलणार.” बघा, माणसाने सगळं सोडलं. रस्ता सोडला, वेग सोडला, पहाटे उठून लांब कुठेतरी निघायचं सोडलं, फक्त एक गोष्ट धरून ठेवली. आणि तीच आता माझ्या पार्किंगमध्ये थेंब थेंब गळतेय. मी जर म्हटलं, “बाबा, गळतंय,” तर ते एका शब्दाने वाद घालणार नाहीत. तीच तर भीती. म्हणतील, “बरं, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये दे.” आणि उठून आत जातील. संपलं.

आणि तुम्हाला खरं सांगू? त्यांचं तर होतंच, पण माझंही काहीतरी संपणार होतं. कारण आमच्या घरात तेल बदलणं म्हणजे नुसतं तेल बदलणं नव्हतं.

मी लहान असताना, तेव्हा गाडी वेगळी होती, पण तेल बदलायचा दिवस म्हणजे काय थाट. बाबा आधी गाडी गल्लीतून एक चक्कर फिरवून आणायचे, तेल कोमट झालं की पातळ होऊन झरझर उतरतं म्हणून. मग पुढची चाकं दोन लाकडी उतारांवर चढवायची, ती चढताना आई दारात उभी राहून डोळे मिटून घ्यायची. मग मागच्या चाकांना विटा. मग बाबांचा तो शर्ट, ज्याला कॉलर उरली नव्हती आणि उरलेल्या भागाला कुठला रंग म्हणावं ते कळायचं नाही. आणि खाली ठेवायला टब. टब कुठला, तर मला बाळपणी ज्यात आंघोळ घालायचे तो. निळा होता म्हणे एकेकाळी. मी मोठी झाले, टबाला बढती मिळाली.

आणि मग आम्ही दोघं जाजम टाकून गाडीखाली. मी बारीक, त्यामुळे सहज मावायची. वरती गाडीचं पोट, गरम, वास असा की आजही कुठे तो वास आला की मी इयत्ता चौथीत जाते. बाहेरचं जग सगळं घोट्यापर्यंत. आईच्या चपला येतायत, थांबतायत, “अजून किती वेळ?” म्हणतायत, जातायत. शेजाऱ्यांचं मांजर येऊन बघून जातंय. आणि तिथे, तुम्हाला सांगते, तिथे बाबा बोलायचे. वर, उजेडात, आमचे बाबा म्हणजे दिवसाला मोजून चार वाक्यं, त्यातलं एक ‘दिवा मालव’. पण गाडीखाली पाठीवर झोपले, तोंड वर, हातात पाना, डोळ्याला डोळा भिडवायची गरज नाही, की माणूस सुरू. त्यांना पोहायची भीती वाटते हे मला गाडीखाली कळलं. आईला पहिल्यांदा बघितली तेव्हा ती कुणाशी तरी भांडत होती, आणि तिचंच बरोबर होतं, हेही गाडीखाली. मी गणितात नापास झाले ते मी गाडीखालीच सांगितलं. प्रगतिपुस्तक आठ दिवस दप्तरात, पण म्हटलं तेलाचा दिवस येऊ दे. बाबा बोल्ट फिरवत होते. फिरवायचे थांबले. मग म्हणाले, “किती पडले?” मी सांगितलं. म्हणाले, “पाना दे. तो नाही, त्याच्यापेक्षा लहान.” झालं, तेवढ्यावर माझं गणित मिटलं. नवऱ्याबद्दल, म्हणजे तेव्हा तो नवरा नव्हता, तेही तिथेच सांगितलं. तेव्हा मी चांगली घोडी झालेली, पाय बाहेर राहायचे, पण सांगायचं म्हटलं की जागा तीच. बाबांनी विचारलं, “घाईघाई करणारा आहे का?” मी म्हटलं, “अजिबात नाही.” म्हणाले, “मग ठीक.” आता वाटतं, त्यांनी थोडी घाई करणारा मागायला हवा होता.

तर असा तो प्रकार. आणि या रविवारी? या रविवारी आई घरी नव्हती, मावशीकडे गेलेली. बाबा गाडीखाली, मी त्यांच्या शेजारी टॉर्च धरून, आणि मुंगी बाहेर, म्हणजे बाहेर असावी अशी अपेक्षा. माझा एक डोळा तिच्यावर, ती टबात हात घालेल, विटेवर चढेल, तेल तोंडात घालेल... आणि दुसरा डोळा बाबांच्या हातावर. हात थरथरत होता. पाना तेल सोडायच्या बोल्टवर बसवताना टक टक टक, टक टक टक, असा आवाज. पूर्वी कधी नव्हता तो. मी म्हटलं, “बाबा, मी आवळू का?” म्हणाले, “टॉर्च वर धर.” मग बहुतेक ते काहीतरी बोललेही, झोपेबद्दल, माझे डोळे किती ओढलेत त्याबद्दल, पण माझं लक्ष कुठे होतं? मी त्या टकटकीत अडकलेली. मनात म्हणत होते, बसला असेल ना घट्ट? बसला असेल. बाबा आहेत. आणि सोमवारी थेंब.

बरं, गंमत बघा, एरवी बाबा कधी फोन करत नाहीत. आई करते, आणि शेवटी ‘घ्या, बोला’ म्हणून त्यांच्या कानाला लावते, ते म्हणतात, “सगळं ठीक? बरं.” या आठवड्यात रोज त्यांचा फोन. स्वतःहून. “गाडी कशी आहे?” मी म्हणायचे, “मस्त.” “आवाज वगैरे?” “छे, लोण्यासारखी चालते.” “बरं.” आणि मग तो एक थांबा. फोनवर कुणी नुसतं श्वास घेत थांबलं की मला लगेच आणखी खोटं बोलावंसं वाटतं, म्हणून मी वर जोडायचे, “बाबा, अशी गाडी तर शोरूममधून काढली तेव्हाही नव्हती.” हे मी कुठून बोलते? शोरूममधून काढली तेव्हा मी दहावीत होते.

आणि गुरुवारी म्हणाले, “रविवारी येतोय आम्ही दोघं.”

संपलं. कारण बाबा आले की जिना चढत नाहीत, आधी पार्किंगमध्ये जातात. लेकीला नंतर भेटतात, गाडीला आधी. आणि तिथे काय, तर खडूच्या वर्तुळात हत्ती. मी नवऱ्याला म्हटलं, “काहीतरी कर.” तो म्हणाला, “बाबांना सांगून टाक ना सरळ. थेंबच तर आहे.” मी म्हटलं, “तुला नाही कळायचं.” तो म्हणाला, “मग समजावून सांग.” आता हे समजावायला मला त्याला गाडीखाली न्यावं लागलं असतं, आणि तो मावत नाही.

शनिवारी मी गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. चोरासारखी. घराजवळच्या नाही हं, चांगल्या लांबच्या, कुणी बघायला नको म्हणून. मुंगी बरोबर, कारण शनिवारी तिला ठेवणार कुठे. गॅरेजवाला म्हणजे असा माणूस की बॉनेट उघडायच्या आधीच त्याला सगळं माहीत. मी अजून ‘तेल’ म्हणतेय तोवर म्हणाला, “बोल्ट सैल. घरी केलंय ना काम? घरच्या कामात बोल्टच सैल असतो. कुणी केलं?”

आता मला सांगा, काय सांगणार? बाबांचं नाव ओठांवर आलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आधीच तयार, ‘म्हातारी माणसं ऐकत नाहीत’ वालं. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी.”

“तुम्ही?”

“मीच. मी स्वतःच बदलते.”

त्याने वळून दुकानभर ऐकवलं, “अरे, या ताई स्वतः ऑइल बदलतात.” सगळे पाने ठेवून बघायला लागले. मुंगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिचा हात असा दाबला की ती बिचारी बोललीच नाही. मग त्याचं व्याख्यान. ताई, हे बायकांचं... म्हणजे कुणाचंच घरचं काम नाही, ताई, त्याला अंदाज लागतो, ताई, मनगटात जोर लागतो. आणि गेला खाली. मी वरून ऐकतेय. खालून आवाज आला, “बोल्ट कोरडा आहे.” मग पाना लावल्याचा आवाज. मग धाप. मग, “हलत नाही.” मग आणखी एक जण खाली गेला. मग दोघांची धाप. बाहेर आला, कपाळ पुसलं, म्हणाला, “हा बोल्ट कुणी आवळलाय?”

तुम्हाला सांगते, मला तिथे जे काही वाटलं... छातीवरून काहीतरी उतरलं. तो थरथरणारा हात, ती टकटक, आणि बोल्ट दोन तरण्या माणसांना हलेना. मी म्हटलं, “मी.” आणि या वेळी जरा मोठ्याने म्हटलं. त्याने माझ्या मनगटाकडे असं बघितलं की मी ते ओढणीखाली घेतलं.

पण मग तेल गळतंय कुठून? तो लगेच म्हणाला, इंजिनचं सील गेलं असणार, इंजिन उतरवावं लागेल. मी म्हटलं, “आधी आणखी काही सोपं बघता येईल का?” तर नाराज होऊन तेल गाळायचा फिल्टर फिरवून काढला. मग मला खाली वाकायला लावून दाखवलं. फिल्टर जिथे बसतो तिथे त्याच्या काठाला एक रबराची रिंग असते, बरणीच्या झाकणातल्या रबरासारखी, ती तेल आत ठेवते. नवा फिल्टर आला की त्याच्याबरोबर नवी रिंग येते. जुनी जुन्याबरोबर निघते, आणि कधी नाही निघाली, इंजिनलाच चिकटून बसली, तर हाताने काढायची. इथे दोन होत्या. एकावर एक. जुनी तशीच, वर नवी, आणि त्या दोघींच्या फटीतून थेंब. तो म्हणाला, “जुनी काढलीच नाही तुम्ही, ताई. थेंबच तर आहे म्हणून चालवत राहिला असता ना, तर वाटेत एका झटक्यात सगळं ऑइल बाहेर आलं असतं.” हे वाक्य मी त्याला दोनदा बोलायला लावलं. नवऱ्याला जसंच्या तसं सांगायला.

पण माझं लक्ष त्या रिंगेवर. काळी, तेलकट, मऊ. त्याने ती माझ्या हातावर ठेवली आणि मला एकदम आठवलं. अहो, ही माझी बांगडी. लहानपणी बाबांनी फिल्टर काढला की मी आधी हात घालायचे. रिंग फिल्टरवर असेल तर फिल्टरवरून, इंजिनला चिकटली असेल तर नखाने सोलून. साबणाने तीनतीनदा धुवायची आणि मनगटात. शाळेत घालून जायची मी ती, बाई म्हणायच्या कसला वास येतोय, आणि मी हात पाठीमागे. बाबांनी कधी म्हटलं नाही की रिंग काढ. म्हणायची वेळच आली नाही. त्यांचा फिल्टर बाजूला होईपर्यंत रिंग माझ्या हातात. म्हणजे बघा, ते काम माझं होतं, आणि ते काम आहे हे मलाही माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. मी मघाशी बाबांना वाचवायला खोटं बोलले की हे मी केलंय, आणि आता ते खरंच मीच केलेलं निघालं. खोटं बोलायचीही सोय नाही मला.

पण मग दुसरी शंका. मी सासरी आले त्यालाही बरीच वर्षं झाली. मधल्या सगळ्या वेळा रिंग काढली कुणी? तिथूनच, गॅरेजमधूनच आईला फोन लावला. म्हटलं, “आई, बाबा तेल बदलतात तेव्हा ते रबर...”

“माझं रबर?” आई म्हणाली. “तेच विचारणार होते. या वेळचं मला मिळालंच नाही. कुठे टाकलं?”

“तुझं?”

“मग कुणाचं? खिडकीचं दार खडखडतं तिथे लावते मी, झाडूला लावते, एक त्या पायपुसण्याच्या कोपऱ्यात शिवलंय. ते खाली असले की मी जाऊन आधी घेऊन येते. कधी कधी चिकटलेलं असतं मेलं, उचकटावं लागतं. का गं?”

का गं, म्हणे. म्हणजे आधी बांगडीसाठी मी आणि मग खिडकीसाठी आई, आणि बाबांना आपलं वाटतंय, रबर आपोआप निघतं. जसे टॉवेल आपोआप घडी होऊन कपाटात जातात. जसं मीठ आपोआप बरणीत भरतं. आणि एका रविवारी आई मावशीकडे गेली, मी टॉर्च धरून काळजी करत बसले, आणि घरात कुणाला रबराची गरजच पडली नाही.

रविवारी सकाळी आले दोघं. बाबा सरळ पार्किंगमध्ये, मी मागे धावत. एक हात गाडीवर टेकवून वाकले, सावकाश, गुडघे वाजले ते मला ऐकू आले. खोका बघितला. नवा घातला होता मी, कोरा करकरीत. त्यावरून बोट फिरवलं. मग वाकलेलेच म्हणाले, “थांबलं?”

मी म्हटलं, “काय?”

“गळत होतं ते.” उभे राहिले. “तुम्ही निघालात त्या दिवशी अंगणात थेंब पडलेला. म्हटलं, सांगशील. रोज विचारत होतो.”

“मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाटलंच,” बाबा म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली. पाने, कापडात बांधलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत, मी ज्या क्रमाने त्यांच्या हातात द्यायचे त्या क्रमाने. माझ्या हातात ठेवली. “हे तू ठेव. हाताला आता अंदाज येत नाही.”

मी काही वाकून नमस्कार करणारी, भाषण करणारी मुलगी नाही. माझ्या तोंडून सगळंच निघालं, एका दमात. बोल्ट, दोन माणसं, धाप, रिंग, बांगडी, आईची खिडकी, झाडू, पायपुसणं. बाबा ऐकत होते. आणि आई कमरेवर हात ठेवून म्हणते, “म्हणजे इतकी वर्षं तुमचं तेल मी राखलं.”

बाबा तिच्याकडे बघेनात. मला म्हणाले, “बोल्ट सैल नव्हता?”

“नाही बाबा.”

“हलला नाही त्यांना?”

“दोघांना नाही हलला.”

“दोघांना,” बाबा म्हणाले. पाना धरून बघावा तशी हाताची बोटं उघडली, मिटली. थरथरत होतीच. मग ती गुंडाळी माझ्या हातातून काढून घेतली, परत पिशवीत टाकली आणि आईला म्हणाले, “पुढच्या वेळी तू घरी असशील तेव्हाच बदलू.”

“आधी विचारायचं,” आई म्हणाली. “मला माझी कामं असतात.”

आणि मला असं हलकं वाटलं म्हणून सांगू, असं मोकळं, वाटलं इथेच आडवं व्हावं आणि झोपावं. मुंगी इतका वेळ गाडीखाली डोकं घालून पालथी पडली होती. ती उठली, फ्रॉक झटकला, आजोबांकडे बघितलं, आजीकडे बघितलं. माझ्या मनात आलं, आता ही काहीतरी असं बोलेल की जन्मभर पुरेल. म्हणेल, आजोबा, मलापण शिकवा. म्हणेल, मीपण तुमच्याबरोबर खाली येणार. मी डोळे पुसून तयार. तिने माझा पदर धरला आणि अगदी गंभीरपणे, माझ्याच आवाजात विचारलं,

“आई, मग उद्यापासून आपण कशाची काळजी करायची?”